अर्जदार : निनावे

मे महिना. रामदासपेठेतल्या ऑफिसात
कूलर दोन दिवसांपासून एकाच बाजूने गार.
डावी ताटी ओली, उजवी खडखडीत,
आणि मी स्कॅनरखाली घालतेय
डोर्लीकर सरांचे चाळीस वर्षांचे कागद.

टाचण्या गंजून पानांना चिकटल्यात.
उपटल्यावर कोपऱ्यात उरतं
एक तपकिरी भोक.
श्रेणिक म्हणतो, सरळ ठेवा ना ताई,
ओळ वाकडी दिसली का थे मशीन बहकते.

सरांची वर्गवारी साधी होती.
लोखंडी कपाट, चार खण.
यंत्रं. रसायनं. शेतीची अवजारं.
आणि सगळ्यात खाली, चिठ्ठी न लावलेला एक,
ज्याचं नाव ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं :
वेड्यांचा.
पाण्यावर चालणारी लूना तिथे,
आपोआप संत्री सोलणारी चरखी तिथे,
फी न भरता नाहीसे झालेले
सगळेच तिथे.

मशीनला खण कळत नाहीत.
ते अर्जाचे तुकडे करतं,
तुकड्याला आकड्यांचा पत्ता देतं,
आणि अर्थाने जवळच्यांना
एका गल्लीत राहायला पाठवतं,
कोण कुठल्या कपाटातून आलं
ते न विचारता.

बुधवारी हिंगण्याच्या कंपनीचं काम आलं.
कूलरच्या जाळीवर दुसऱ्याच कुणाचं पेटंट आहे,
ते मोडायचंय.
हेच आधी कुणी सुचवलं होतं का, बघा.
मी विचारलं, कूलरवाल्याला विचारावं तसं :
ताटी सगळीकडून सारखी ओली कशी राहील?

तीन सेकंद.
सगळ्यात वर, एकोणीसशे त्र्याऐंशी.
निळी कार्बन कॉपी, अर्धी पुसट.
"खसच्या ताटीत उभे सुती ताणे ओवावे.
दिव्याच्या वातीप्रमाणे ते पाणी खाली नेतील.
मी विणकर आहे. सूत पाणी कसे पिते
हे मी रोज पाहतो."
खाली हाताने काढलेली आकृती,
समासात सरांचं तिरकं अक्षर :
फी नाही. गृहस्थ पुन्हा आले नाहीत.

शेजारच्या चौकटीत मशीनने भरलं होतं :
अर्जदार – निनावी.

निनावी नव्हे रे बाबा.
निनावे.
उकंडराव निनावे, तांडापेठ.
गोळीबार चौकात उभं राहून
या आडनावाने हाक मार,
चार दारं उघडतील.
मी वेलांटी खोडली, मात्रा दिली.
श्रेणिकला म्हटलं, बाकीचे निनावी पण तपास,
त्यात आणखी किती निनावे आहेत.
सात निघाले.

वकील मॅडमनी फोनवर सगळं ऐकून घेतलं.
छापून आलं होतं कुठे?
नाही.
मग काय उपयोग.
सोडून दिलेला अर्ज, कायद्याच्या लेखी
हे जगाला कधी माहीतच नव्हतं.

सरांना माहीत होतं.
त्यांनी आकृतीच्या पानाला
दोन टाचण्या लावल्या होत्या,
एरवी एकच लावायचे.

संध्याकाळी सगळे गेले.
दाभण सापडला, सूत नव्हतं.
फायलींच्या सुटलेल्या लाल फिती होत्या,
जुन्या, सुती, धुतलेल्यासारख्या मऊ.
स्टुलावर चढून उजव्या ताटीत ओवल्या
वरून खाली, बोट बोट अंतर सोडून,
आकृतीत होतं तशा.
खस नखांत गेली.
पंप चालू केला आणि कुलूप लावलं.

गुरुवारी आले तर ताटी
वरून वीतभर ओली होती.
खाली कोरडीच.
कदाचित फीत सूत नसेल,
कदाचित आकृतीतलं एखादं माप
मला वाचता आलं नसेल.

शेऱ्याच्या रकान्यात
अजून 'परित्यक्त' असंच होतं.
ते राहू दिलं.
पुढे स्वल्पविराम देऊन लिहिलं :
वीतभर.